ज्याची खोली, त्याची कळ

थंडीमिस्त्रींचं आणि त्यांच्या बायकोचं लग्नात भांडण झालं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, आणि खिडकीवरून झालं. बाई म्हणाल्या, लावून घ्या, गार वारं येतंय. मिस्त्री म्हणाले, गार? याला गार म्हणतात? तिथून जे सुरू झालं ते मुलं मोठी होईपर्यंत चाललं. खिडकीवरून पंख्यावर आलं, पंख्यावरून पांघरुणावर आणि पांघरुणावरून एकमेकांच्या घराण्यांवर.

यात दोष कोणाचाच नव्हता. मिस्त्रींचं काम शीतगृहं दुरुस्त करण्याचं. मासळीचे, फळांचे, औषधांचे मोठमोठे गार गाळे बिघडले की मिस्त्रींना बोलावणं यायचं, आणि ते स्वेटर न घालता आत जायचे. सगळी हयात बर्फात गेल्यामुळे बर्फ वितळायला लागला की त्यांना उकडायला लागे. बाई लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभ्या राहायच्या. त्यांची हयात वाफेत गेली. ज्या हवेत नुसतं उभं राहून पदर ओला होत नाही, ती हवा त्यांच्या मते आजारी माणसाची. अशा दोघांनी एका पांघरुणात सुखाने झोपावं, ही अपेक्षाच मुळात गैर होती.

शेवटी मिस्त्रींनी डोकं चालवलं. एक जुनं शीतगृह मोडीत निघालं होतं, तिथले नळ, पंखे, हवा तापवायच्या पट्ट्या त्यांनी घरी आणल्या आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर एक पितळी कळ बसवली. डावीकडे फिरवली की गार, उजवीकडे फिरवली की गरम, आत दाबली की ओल, बाहेर ओढली की कोरडं. मग घरातल्या सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून नियम सांगितला : ज्याची खोली, त्याची कळ. दुसऱ्याच्या कळीला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याच्या हवेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सगळ्यांनी टेबलावर हात ठेवून कबूल केलं. त्या दिवसापासून घरातलं भांडण थांबलं.

आणि तिथेच सगळं बिनसलं. भांडण होतं तोवर बाई उजवीकडे ओढायच्या, मिस्त्री डावीकडे ओढायचे आणि घर आपलं बापडं मधोमध राहायचं. आता ओढायला समोर कोणी उरलं नाही. जो तो आपली कळ रोज हळूच एवढीशी फिरवायला लागला. एवढीशीच. पण रोज.

स्वयंपाकघर बाईंचं. तिथे त्या उरलेले कपडे आणून इस्त्री करायच्या, शिवाय चुलीवर चार भांडी सतत उकळत असायची. वाफ छताला जायची, दुपारी चहाच्या सुमारास तिचा पाऊस व्हायचा, आणि तो कधी चुकला नाही. पाऊस म्हटल्यावर झाडं आली. झाडांवर झाडं आली, त्या झाडांवर फुलं आली, ज्यांना जमीन कशी असते तेही ठाऊक नव्हतं. वरच्या फांद्यांत माकडं, मधल्या फांद्यांत पोपट, खाली अंधार आणि अंधारात बेडूक. पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग मसाल्याच्या डब्यामागून निघायची ती थेट सिंकपर्यंत. जंगल एवढं हिरवंगार, पण खालची माती अगदी फिकी. जे पडेल ते पडताक्षणी कोणीतरी खाऊन टाकायचं. बाई म्हणायच्या, "पगारासारखंच आहे. जमिनीत मुरेल तर शपथ."

ही मंडळी आली कुठून, असं कोणी विचारलं तर त्याला काही उत्तर नाही. हवामान असलं की मंडळी येतात. आमंत्रण द्यायला जावं लागत नाही.

बाहेरची खोली सासरेबुवांची, म्हणजे बाईंच्या वडिलांची. त्यांनी सगळा जन्म पावाच्या भट्टीसमोर उभं राहून काढला होता. भट्टीपेक्षा कमी ते सगळं त्यांच्या लेखी थंड, आणि ओल म्हणजे तर पिठाची वैरीण. त्यांनी कळ उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बाहेर ओढून ठेवली होती. खोलीत वाळू झाली. वाळूत खांबासारखं निवडुंग उभं राहिलं, त्यात एका पक्ष्याने भोक पाडून बिऱ्हाड केलं. म्हातारा काटकसरी, ऊन उतरलं की कळ बंद करून टाकायचा. त्यामुळे दिवसा भाजायचं आणि संध्याकाळनंतर दात वाजायचे. लांब कानांचा एक कोल्हा दिवसभर पलंगाखाली बिळात पडून राहायचा आणि सासरेबुवांनी कळ बंद केली की बाहेर यायचा. दोघांचं बोलणं नव्हतं, पण समजूत होती.

मधली मोठी खोली चिरंजीवांची. चिरंजीव केस कापण्याच्या दुकानात कामाला होते. दिवसभर कापून हात दमलेले. घरी काही कापायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. पंखा मात्र कायम सुरू लागे. ओलीचं म्हणाल तर आठवण राहिली की कळ आत दाबायचे, मग महिनोन् महिने विसरायचे. थोडा पाऊस, मग लांबलचक कोरड, आणि सतत वारा. यात झाडं टिकत नाहीत, गवत टिकतं. ते कमरेपर्यंत आलं. टीव्हीच्या जागी वारूळ उभं राहिलं, टीव्हीपेक्षा उंच. चिरंजीवांच्या सिगारेटीने वर्षातून एकदा वणवा लागायचा, सगळं काळं ठिक्कर व्हायचं, आणि पंधरवड्यात गवत पुन्हा वर, कारण त्याचा जीव खाली मुळांत. झेब्रे चरायचे. झेब्र्यांच्या मागे गवतात आणखी कोणीतरी असायचं. त्याला घरात कोणी पाहिलं नव्हतं, पण सोफ्यावर कोणी एकटं बसत नसे.

आणि कोपऱ्यातली खोली मिस्त्रींची. तिथे जमीन बारा महिने गोठलेली. उन्हाळ्यात खिडकीतून ऊन आलं की वरची वीतभर वितळायची, तेवढ्यात फुलं फुलून, बी धरून, आटपून घ्यायची. त्यांना माहीत होतं, मिस्त्री फार वेळ देणार नाहीत. झाडं होती, पण घोट्याएवढी. रेनडियर कपाटाच्या पायाशी दगडफूल चाटत उभे राहायचे. कपाटावर पांढरं घुबड. मिस्त्री गंजीफ्रॉक घालून पलंगावर पडायचे आणि म्हणायचे, "आता कुठे जरा बरं वाटतंय."

राहिला मधला पॅसेज. त्याला कळच नव्हती. सगळ्यांच्या दाराखालून जे गळेल ते तिथे यायचं. मिस्त्रींच्या दाराशी थंडी गळायची म्हणून चपलांच्या मांडणीजवळ सुईसारख्या पानांची उंच झाडं, बर्फ घसरून पडावा म्हणून फांद्या खाली झुकवून उभी. पुढे रुंद पानांची झाडं, ती लाल होऊन गळायची. खारी सगळ्यांच्या बुटांत बिया पुरून ठेवायच्या आणि विसरायच्या. पानं झाडायची कोणी, यावर मात्र अधूनमधून कुरबुर होई; पॅसेज कोणाचाच नसल्यामुळे नियम तिथे लागू पडत नव्हता.

असा संसार चालला होता. मिस्त्री आणि बाई आता भांडत नव्हते. बोलतही नव्हते म्हणा. बाई त्यांच्या खोलीत आल्या की पापण्यांवर हिमकण जमायचे, आणि मिस्त्री स्वयंपाकघरात गेले की चष्म्यावर वाफ धरून ते माकडालाच "अगं, चहा" म्हणायचे. शेवटी बाई त्यांचं ताट पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवायला लागल्या.

थोरलीचा, म्हणजे लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेल्या मुलीचा, फोन आला तेव्हा मिस्त्री पॅसेजमध्ये पानगळीत उभे राहून जेवत होते.

"बाबा, बाळ आता प्रवास करण्याएवढं झालंय. रविवारी घेऊन येते."

नात झाल्यापासून त्यांनी तिला फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं, आणि त्यांच्या खोलीत काचेवर लगेच बर्फ धरायचा. त्यामुळे नातीचं नाक त्यांना ठाऊक होतं, डोळे नाही.

"ये, ये! केव्हाही ये!"

"केव्हाही नाही. एक अट आहे. बाळाला झोपवायला मला एक खोली पाहिजे. एकच. गार नको, गरम नको, दमट नको, कोरडी नको. माणसांची खोली. मी तापमापक घेऊन येणार आहे. तशी खोली नसली तर मी दारातूनच परत फिरेन, आणि मग बाळ चालायला लागेपर्यंत माझं नाव काढू नका."

"अगं, इतकी वर्षं तू या घरात—"

"म्हणूनच सांगतेय," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

मिस्त्रींनी ताट तसंच स्टुलावर ठेवलं आणि ते आधी बाहेरच्या खोलीत गेले. दार उघडताच तोंडावर भट्टी आली. सासरेबुवा डोक्याला पंचा बांधून आरामखुर्चीत बसले होते.

"मामा, रविवारी नात येतेय. तुमची कळ जरा डावीकडे घेतली तर—"

"किती डावीकडे?"

"माणसाला सोसेल इतकी."

"मी काय आहे मग?" सासरेबुवांनी विचारलं. "जावईबापू, हे निवडुंग बघा. आत सगळं पाणी भरून ठेवलंय त्याने, सुरकुत्यांची पिशवी करून. या खोलीला ओल लागली तर ते अधाशासारखं पिऊन फुटेल. माझंही तसंच समजा. शिवाय तुम्ही तुमची कळ किती फिरवताय?"

"मी बघतो ना माझं."

"मग मीही बघतो माझं," म्हणून सासरेबुवांनी डोळे मिटले.

चिरंजीव गवतात उताणे पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मला काय, मी भाचीसाठी जीव देईन. पण पंखा बंद केला आणि रोज ओल दिली, तर गवतात झुडपं माजतात. झुडपं माजली की झेब्रे जातात. झेब्रे गेले की त्यांच्या मागचं जे कोणी आहे ते उपाशी राहतं. मग ते कोणाकडे बघणार? इथे झोपतो कोण?"

"मग दुसरीकडे झोप."

"कुठे? तुमच्याकडे?" चिरंजीव हसले, आणि हसताना गवताकडे नजर ठेवून हसले.

स्वयंपाकघराच्या दारात मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात ठेवला. आत काही दिसत नव्हतं, पण बाईंच्या इस्त्रीचा फुसफुसाट येत होता.

"अगं, ऐकतेस का?"

"पावसाची वेळ झालीय. लवकर बोला."

मिस्त्रींनी सांगितलं. इस्त्री थांबली.

"माझी नात नाही का ती?" बाई म्हणाल्या. "मला नाही वाटत, मांडीवर घ्यावी? पण सगळ्यांनी आपापलं घर मोडायचं आणि तुम्ही हात बांधून उभे. असं करा, तुमच्याच खोलीत ठेवा तिला. चांगली टिकेल. मासळी टिकते तशी."

"माझ्या खोलीचा प्रश्न वेगळा आहे. खाली जमीन गोठलेली आहे. ती वितळली तर—"

"बघा! तुमची ती जमीन, आमचा तो हट्ट." तेवढ्यात पाऊस आला, आणि मिस्त्री भिजून पॅसेजमध्ये परतले. शर्ट त्यांच्या दाराशी पोचेपर्यंत फळीसारखा ताठ झाला.

पलंगावर बसून मिस्त्रींनी विचार केला. कळ फिरवायला कोणी तयार नाही, आणि खरं सांगायचं तर तेही तयार नव्हते. पण नात यायची तर होती. शीतगृहातला त्यांचा एक जुना हातखंडा होता. शेजारशेजारच्या दोन गाळ्यांचं जुळेनासं झालं, एक फार गार, एक फार गरम, की मिस्त्री मधली झडप उघडून दोघांचे नळ एकमेकांना जोडायचे. दोन्ही गाळे निमूटपणे सरासरीवर यायचे. मासळी कधी तक्रार करत नसे.

शनिवारी सगळे कामावर गेले. सासरेबुवांना दुपारची डुलकी लागली. मिस्त्रींनी पाना, करवत आणि नळांचे तुकडे काढले, सगळ्या खोल्यांचे नळ पॅसेजच्या छतातून एकत्र जोडले, आणि भिंतींवरच्या सगळ्या कळा काढून एका पिशवीत भरल्या. स्वतःचीही. घराला आता एकच हवा होती : बर्फ, भट्टी, वाफ आणि वारा यांची बेरीज करून चार जणांत सारखी वाटलेली. मिस्त्रींनी मापक लावून पाहिला. गार नाही, गरम नाही, दमट नाही, कोरडं नाही. त्यांनी मान हलवली, घाम पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उकाडा गोड मानून घेतला. त्या संध्याकाळी सासरेबुवांची डुलकी लांबली, आणि बाकीचे दमून आले ते कळीकडे न बघताच झोपले.

रविवारी सकाळी त्यांना जाग आली ती पलंग कलंडल्यामुळे. पलंगाचा एक पाय जमिनीत गेला होता, कपाट गुडघ्यापर्यंत बुडालं होतं, आणि जी जमीन लग्नापासूनच्या साऱ्या भांडणांपेक्षा घट्ट गोठलेली होती ती चिखल होऊन बुडबुडे सोडत होती. डासांचे ढग उठले होते. थंडीतल्या डासांना फार थोडे दिवस मिळतात, त्यामुळे ते कामाला वाघ. रेनडियर खोलीत नव्हते. ते स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडून, आत तोंड घालून, शिस्तीने रांगेत उभे होते.

स्वयंपाकघरात पाऊस आला नव्हता. मोठमोठी पानं पिवळी पडून खाली येत होती, आणि माकडं बाईंनी इस्त्री करून ठेवलेले गिऱ्हाइकांचे शर्ट अंगात घालून, बटणं लावून, कुडकुडत बसली होती. चिरंजीवांच्या खोलीत वारा पडला होता. गवतात काटेरी झुडपं रातोरात खांद्यापर्यंत आली होती. झेब्रे वैतागून घराबाहेर जिन्यात जाऊन उभे होते, खालच्या मजल्यापर्यंत. त्यांच्या मागचं जे कोणी होतं ते जिन्यात गेलं नव्हतं. ते घरातच होतं.

सगळ्यांत बेजार झाले सासरेबुवा. त्यांच्या वाळवंटात पाऊस झाला होता, जेमतेम हात धुण्याएवढा. पण वाळूत वर्षानुवर्षं झोपलेलं बी त्याचीच वाट बघत होतं. गालिच्याएवढी नव्हे, भिंतीपासून भिंतीपर्यंत फुलं, जांभळी, पिवळी, पांढरी, पलंगावर, आरामखुर्चीत, चष्म्याच्या घरात. सासरेबुवा मधोमध उभे राहून शिंकत होते.

"नासलं," ते म्हणाले. "सगळं वाळवंट फुलांनी नासलं."

"बाबांनी काहीतरी केलंय," चिरंजीव म्हणाले.

बाई पॅसेजमध्ये आल्या. त्यांनी भिंतीवरची मोकळी भोकं पाहिली, छतातले नवे नळ पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कळा कुठायत?"

"पिशवीत."

"दुसऱ्याच्या कळीला हात लावायचा नाही, हा नियम कोणाचा?"

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तेवढ्यात खालून मोटारीचा आवाज आला. झेब्र्यांना "सरका, सरका" करत थोरली वर आली. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, दातांत तापमापकाची दोरी. बाळ रडत होतं, आणि एवढ्याशा छातीत न मावणारं रडत होतं. जावई खालीच राहिला होता. गाडी सुरू ठेवून बसायला थोरलीनेच त्याला सांगितलं होतं.

"कुठली खोली?" तिने विचारलं.

"कुठलीही," मिस्त्री म्हणाले. "सगळीकडे सारखीच हवा आहे. तूच माप."

थोरलीने मापलं. प्रत्येक खोलीच्या दारात ती उभी राहिली, मापक वर धरला, वाचला, खाली घेतला. मिस्त्रींच्या खोलीतून ती डास झटकत बाहेर आली. सासरेबुवांच्या खोलीतून बाळासकट शिंकत बाहेर आली. स्वयंपाकघरात एका शर्टवाल्या माकडाने बाळाचा मोजा काढून स्वतःच्या हातात चढवला. चिरंजीवांच्या खोलीच्या दारात ती आत न जाताच थांबली. झुडपांत कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हवा बरोबर आहे. बाकी काहीच बरोबर नाही."

"मापक तर बरोबर दाखवतोय ना?"

"मापकाला झोपवायचं नाहीये मला." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "निघते मी. चालायला लागली की आणते. तोवर तिलाच ठरवता येईल कुठल्या खोलीत जायचं ते."

नात हाताच्या अंतरावर होती. रडून तिचे डोळे घट्ट मिटलेले, त्यामुळे तेही अजून पाहायला मिळाले नव्हते. मिस्त्रींनी खाली वाकून पिशवी उचलली आणि एकेकाला त्याची कळ देऊन टाकली. सासरेबुवांना त्यांची, चिरंजीवांना त्यांची, बाईंना बाईंची. "लावून घ्या," ते म्हणाले. "नळ मी नंतर तोडतो. तुमची तुमची मंडळी परत येतील. माझ्यामुळे खोळंबा नको."

"आणि तुमची?" चिरंजीवांनी विचारलं.

"माझी राहू दे. आता लावून तरी काय, जमीनच उरली नाही."

थोरली दारापर्यंत गेली आणि अडली. जिन्यात झेब्रे आता आणखी दाटीने उभे होते. वरचे खाली बघत होते, खालचे वर, आणि पाठ वळवायची कोणाचीच छाती होत नव्हती, कारण घरातून तो श्वास ऐकू येत होता. चिरंजीव त्यांना एकेक करून आत बोलवायला लागले, पण झेब्र्याला नावाने हाक मारता येत नाही, आणि पट्ट्यांवरून ओळख पटवायला वेळ लागतो.

"किती वेळ हे?" थोरली म्हणाली. तिचा खांदा दुखायला लागला होता. पिशवी घसरत होती, बाळाचा एक पाय उघडा. "कोणीतरी धरा हिला जरा. मला दुसरा मोजा शोधू द्या."

सासरेबुवा शिंकत होते. चिरंजीव जिन्यात. बाईंच्या दोन्ही हातांत माकड होतं. मिस्त्रींनी हात पुढे केले.

थोरलीने त्यांच्या बोटाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "बाबा! बर्फ आहेत तुमचे हात. असे लावाल तर किंचाळेल ती."

मिस्त्रींनी हात काखेत घातले. तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. फुंकरही गारच होती. मांडीवर चोळले. उपयोग होईना. इतकी वर्षं साठलेली थंडी होती, चोळून जाणारी नव्हती.

बाईंनी माकड खाली सोडलं. काही न बोलता त्या पुढे आल्या, नवऱ्याचे दोन्ही हात ओढून घेतले आणि आपल्या तळव्यांत दाबून धरले. लाँड्रीतले हात ते, कढत आणि ओले. चर्र असा आवाज झाला. दोघांच्या हातांमधून आधी धुकं निघालं, मग त्याचा एक बारकासा ढग झाला, तो दोघांच्या नाकासमोर थोडा वेळ घुटमळला आणि तिथेच त्याची सर पडली. मिस्त्रींचा चष्मा भिजला. बाईंनी पदराने तो पुसून पुन्हा त्यांच्या नाकावर ठेवला.

"नख वाढलंय," त्या म्हणाल्या. "बाळाला लागेल. अंगठा आत धरा."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

मग ते पॅसेजच्या भिंतीला टेकून वाळक्या पानांत मांडी घालून बसले, आणि थोरलीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने रडणं थांबवलं नाही. उलट एकदा श्वास घेऊन नव्या दमाने सुरुवात केली. मिस्त्री श्वास रोखून बसले. शीतगृहातलं अवजड यंत्र दोरावर लटकत असताना ते असेच बसायचे. आणि अचानक बाळ मध्येच थबकलं, भुवया जवळ घेतल्या, कसल्यातरी गहन विचारात पडलं, आणि मिस्त्रींच्या मांडीवर उबदार, संथ, न संपणारी धार लागली.

"अगं बाई," थोरली म्हणाली. "बाबा, उठा, बदलते तिला."

पण बाळाने डोळे उघडले. ते काळेभोर होते, एवढे मोठे की मिस्त्रींना त्यांत आपला चष्मा दिसला. आजोबांकडे त्या डोळ्यांनी एकदा नीट पाहून घेतलं, आणि मग हळूहळू, आतून कोणी पडदे ओढावेत तसे, ते मिटले. बाळ झोपलं.

घरभर शांतता झाली. झाडीतला श्वाससुद्धा थांबला.

"उठू नका," थोरली कुजबुजली. "बाबा, हलू नका अजिबात. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा डोळा लागलाय तिचा."

"ओली आहे ना पण ती?"

"असू दे. तुम्हाला काय होतंय?"

मिस्त्रींना बरंच काही होत होतं, पण ते हलले नाहीत. ओल पसरत गेली. मांडीवरून पानांत, पानांतून चपलांच्या मांडणीकडे, तिथून तिला फाटे फुटले. थोडं गोडं, थोडं खारं, कोमट, गढूळ पाणी. नदी समुद्राला मिळते तिथे असतं तसं. अशा पाण्याला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत मिस्त्रींच्या गुडघ्यांभोवती खारफुटी उगवली, चिखलातून बोटांसारखी मुळं श्वास घ्यायला वर आली. चपलांतून खेकडे निघाले, एक नांगी लहान, एक मोठी, आणि वाटेत दिसेल त्याला सलाम करत फिरू लागले. चिखलावरून पायांसारखे पर टेकत मासे चालत आले. एक करडा बगळा जिन्यातल्या झेब्र्यांच्या डोक्यांवरून उडत आला, सगळीकडे बघितलं आणि मिस्त्रींच्या डाव्या गुडघ्यावर एका पायाने उभा राहिला.

थोरलीने सवयीने मापक वर धरला. त्यातला आकडा तिने कोणाला सांगितला नाही. खिडकीशी जाऊन तिने खाली नवऱ्याला हातानेच खूण केली, आणि मोटार बंद झाल्याचा आवाज आला.

चहाच्या सुमाराला स्वयंपाकघरात पाऊस सुरू झाला. बाईंनी आपली कळ लावून घेतली होती आणि जोडलेल्या नळात फडकं कोंबलं होतं. पण त्या आत थांबल्या नाहीत. पावाचा तुकडा दुधात भिजवून वाटी घेऊन त्या आल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात मिस्त्रींच्या शेजारी बसल्या आणि त्यांना भरवू लागल्या. हात मोकळे नव्हते ना त्यांचे.

"उकडतंय का?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी विचार केला. उकडत होतं. शिवाय डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पाठीला रग लागली होती, आणि आता मासे पाण्यात शिरून त्यांच्या पोटऱ्यांना गुदगुल्या करायला लागले होते. हसायची तर अजिबात सोय नव्हती.

"नाही," ते ओठ न हलवता म्हणाले. "तुला गार वाटत असेल तर खिडकी लावून घे."